रिकाम्या जागेतली ऊब

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायचीच असती तर एखादा पडका बंगला घातला असता, एखादी विहीर घातली असती. इथं फक्त एक कॉम्प्युटर आहे... आणि त्याच्या मागची एक रिकामी जागा.

गेल्या डिसेंबरात, एका संध्याकाळी, आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगू गावात हे घडलं. माझी मावसबहीण मैत्री हिच्या घरी. तिनं मला सांगितलं तसंच सांगते.

मैत्रीचा थोरला भाऊ हर्षदीप. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान होतं. आई, म्हणजे माझी द्वारकामावशी, दिवसभर तिथंच बसायची. जन्मभर लोकांचा कापूस वेचून तिची बोटं वाकडी झालेली. आमच्याकडची थंडी पडली की तिला भाकर मोडता यायची नाही.

कॉम्प्युटरला वीज पुरवणारा एक लोखंडी डबा असतो. एसएमपीएस म्हणतात त्याला. त्यातला पंखा गरम हवा मागं फेकतो. हर्षदीपच्या जुन्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या पेटीत, हा डबा वरच्या बाजूला होता. कॅबिनेट जमिनीवर असायचं. मावशी मागं खुर्ची टाकून बसली की तिचे हात बरोबर त्या हवेसमोर यायचे. गुडघे असे की खाली वाकायची सोय नव्हती.

गिऱ्हाइकं हसायची. हर्षदीप म्हणायचा, "हसा लेको. मायची शेकोटी हाय ते."

मग ते कॅबिनेट गंजून सडलं. नवं आणायला हर्षदीप मोटारसायकलनं निर्मलला गेला.

परत येताना नेरडीगोंडाजवळ हायवेवर ट्रकनं त्याला उडवलं.

तो आला नाही. मागं बांधलेलं कॅबिनेट मात्र घरी आलं... एका कोपऱ्यात चेपलेलं.

मावशी रडली नाही. तिनं जेवणच सोडलं. घोटभर चहा, तोही मैत्रीनं हातापाया पडून पाजलेला. बोलायची एकच गोष्ट.

"आदिलाबादले एवढी दुकानं हायेत. मंग पोरगं निर्मलले काऊन गेलं?"



मैत्री शाळेत क्लार्क आहे. आई अशीच भिंतीकडं बघत संपून जाईल, ही भीती तिला झोपू देईना. दुकान सुरू झालं, चार माणसं आली-गेली, तर ती सावरेल असं तिला वाटलं. भावाचं बघून बघून तिलाही जोडणी येत होती. रविवारी ती त्या चेपलेल्या कॅबिनेटपुढं बसली.

त्यात एसएमपीएस बसवायला दोन जागा होत्या. एक वर, एक खाली. हल्ली सगळे खालीच बसवतात, मशीन थंड राहतं. मैत्रीनंही नवा डबा खाली बसवला. वरची जागा तशीच राहिली... मागच्या बाजूला एक चौकोनी काळं भोक.

मावशी येऊन खुर्चीत बसली आणि त्या भोकापुढं हात धरले.

"माय, तिथं काही नाही आता. हवा खालून येते."

मावशी उठली नाही.

दोन-तीन दिवसांनी, डिसेंबरातल्या त्या संध्याकाळी, मैत्री शाळेतून आली तेव्हा गावात सकाळपासून लाइट नव्हती. दुकानात अंधारून आलं होतं. मावशी भोकापुढं हात धरून, डोळे मिटून बसली होती.

"माय, लाइट नाही. मशीन बंद हाय."

"मंग गरम काऊन येऊन राह्यली?"

मैत्रीनं हात पुढं केला.

हवा गरम होती.

हर्षदीप तारा जोडायला कथलाचा डाग द्यायचा तेव्हा खोलीभर पसरायचा तो जळक्या राळेचा वास आला. आणि आतून... खर्र... खर्र...

जुन्या पंख्याचा आवाज. तो पंखा मैत्रीनं स्वतः भंगारात दिला होता.

तिनं बोर्डातली पिन ओढून काढली. वायर तिच्या हातात लोंबत होती.

खर्र... खर्र...

त्या रात्री मावशीनं भाकर मागितली. स्वतःच्या बोटांनी मोडून खाल्ली.

मैत्री चुलीपाशी तोंडात पदर कोंबून रडली. भीतीनं का आनंदानं, तिला आजही सांगता येत नाही. पण आई जेवू लागली होती. त्यापुढं भीतीचं काय घेऊन बसायचं?

काही दिवसांनी, ज्यानं ते कॅबिनेट विकलं तो निर्मलचा दुकानदार अमर भेटायला आला. मावशी आत झोपली होती. हळू आवाजात म्हणाला, "ताई, वरच्या जागेचं कॅबिनेट आता कोणी ठेवत नाही. आदिलाबादचं सगळं मार्केट फिरून दादा माझ्याकडं आला होता. म्हणे, वरच पाहिजे. मायच्या हाताले शेक लागते."



हे आईला कधीच कळू द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं. पण दादाची इच्छा तरी पुरी करावी म्हणून तिनं स्क्रू काढले, एसएमपीएस खालून काढून वर बसवला. भोक बुजलं. मशीन सुरू केलं. भरपूर गरम हवा येऊ लागली.

"ये माय. आता चांगलं शेक."

मावशीनं हात धरले. थोडा वेळ धरले... आणि मागं घेतले.

"हे मशीनची हवा हाय."

"माय, तेच तर—"

"माह्याच हातांपायी गेला ना तो निर्मलले?"

मैत्री तिच्यापुढं खाली बसली. "कोनं सांगितलं तुले?"

"त्यानंच. रोज बोलत होता. म्हणे, माय, तू जेव, तुही काही चूक नाही." मावशी त्या बुजलेल्या जागेकडं बघत राहिली. "आज बोलून नाही राह्यला."

त्याच संध्याकाळी, रडत रडत, मैत्रीनं एसएमपीएस पुन्हा खाली बसवला.

वरची जागा रिकामी झाली. पण हवा आली नाही. आवाजही नाही.

त्याचं काम झालं म्हणून तो गेला, की त्याच्या जागेवर दुसरं काही बसवलं म्हणून गेला? मैत्री मला हे विचारते.

मागच्या महिन्यात मी गेले होते. मावशी खुर्चीत बसलेली, वाकडी बोटं त्या भोकापुढं. जेवते ती. मुलगा सांगून गेला आहे म्हणून जेवते. मला म्हणाली, "पाह्य बरं पोरी, तुह्या हाताले काही लागते का."

मी हात पुढं केला... आणि तसाच मागं घेतला.

गरम लागलं असतं तर मी त्या घरात थांबले नसते. आणि गार लागलं असतं, तर मावशीला काय सांगितलं असतं?