आलेच हं, बाबा

मावशी, बसा. चहा निवतोय, घ्या. उद्यापासून तुम्ही बाबांपाशी बसणार, मी कामावर जाणार. औषधं कुठली, आंघोळ कशी घालायची, ते सगळं सांगते. पण आधी एक ऐकून घ्या. हसायचं असेल तर आत्ताच हसा, नंतर जमणार नाही. दार जरा लोटते... त्यांचे कान फार तिखट आहेत.

मी शाळेची बस चालवते. मुलं उतरली की शेवटच्या बाकापर्यंत जाऊन बघते, कुणी झोपून राहिलं नाही ना. त्याशिवाय दार लावत नाही. म्हणजे मी काही वेंधळी नाही, हे लक्षात ठेवून ऐका.

बाबा ट्रकवाले. जन्मभर राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावरून माल नेला, आत एकदाही शिरले नाहीत. मागच्या वर्षी झटका आला आणि उजवी बाजू गेली. जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि तिला लगाम कधीच नव्हता. एक दिवस म्हणाले, "ते आतलं तळं एकदा दाखव पोरी. मग मी जायला मोकळा."

"जायची एवढी घाई असेल तर आधी ती भाजी संपवा," मी म्हटलं. पण मला आत कुठेतरी तुटलं. बाबांशिवाय मला आहे कोण?

आता अशा माणसाला जंगलात न्यायचं म्हणजे काय खेळ आहे? उतार किती, सावली कुठे, संडासाच्या दारातून खुर्ची जाते का... वेबसाइटवर सगळं गोड गोड लिहिलेलं असतं हो. मी ठरवलं, आधी एकटीने जाऊन यायचं. रिकामी व्हीलचेअर घेऊन. वाटेवरून ढकलून बघायची, म्हणजे ऐन वेळी फजिती नको.

"वा! खुर्चीला सहल आणि मी घरात!" बाबा ओरडले. शेजारच्या काकूंना त्यांच्यापाशी बसवलं आणि निघाले.

फाटकावरच्या रखवालदाराने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "पेशंट कुठाय?"

"घरी. आज रंगीत तालीम."

तो हसला नाही.

तळ्यापर्यंत लाकडी फळ्यांची वाट होती. चांगली रुंद, फटी बारीक, चाक कुठे अडकलं नाही. मी खूश. दुपार टळलेली, तरी झाडीत उजेड कमी. कुजलेल्या पाल्याचा ओला वास येत होता. वाट संपते तिथे कठडा, आणि पुढे काळं, थंड पाणी. एक पाखरू बोलत नव्हतं. संडास मागे वळणावर राहिला होता, त्याचं दार बघायचं होतं. खुर्ची कठड्यापाशी लावली, ब्रेक दाबला, आणि सवयीने तोंडातून गेलं, "आलेच हं, बाबा."

घरी दिवसभर हेच चालतं ना माझं. आपला शब्दही बघा कसला. निघालेलो असतो आणि म्हणतो, आलेच. रिकाम्या खुर्चीला म्हणाले मी! माझं मलाच हसू आलं.

परत आले तर खुर्ची वळलेली. पाण्याकडे तोंड करून ठेवली होती, ती आता वाटेकडे बघत होती. ब्रेक तसाच दाबलेला. आणि गादी मध्ये खोल दबलेली...

म्हटलं, वारा असेल. पान हलत नव्हतं, तरी म्हटलं. खुर्ची ढकलायला लागले, तर दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. मावशी, जड होती. आणि डावं चाक कुरकुरत होतं. ते चाक बाबा बसलेले असले तरच कुरकुरतं, एरवी नाही.

पळावंसं वाटत होतं, पण खुर्ची टाकून कशी येऊ? बाबांचे पाय आहेत ते. घामाघूम होऊन फाटकापर्यंत आणली. रखवालदार बाजूला झाला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सावकाश न्या हो त्यांना."

मी मागे वळून विचारलंसुद्धा नाही, कुणाला म्हणून.

घरी आल्यावर बाबांना म्हटलं, चला, खुर्चीत बसा. बाबा खुर्चीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बसू कसा? आधी त्यांना उठव की."

"कुणाला?"

"पाहुणे आणलेस आणि मलाच विचारतेस?"

त्यानंतर ते खुर्चीत बसले नाहीत. खुर्ची कोपऱ्यात, बाबा पलंगावर. जेवण पुढे केलं की म्हणायचे, "आधी त्यांचं होऊ दे." अन्न सुटलं. शिव्या सुटल्या. अहो, ज्या माणसाने मला जन्मभर शिवीशिवाय हाक मारली नाही, तो गप्प पडून राहायला लागला. डॉक्टर म्हणाले, वय आहे. वय कसलं, डोंबल! माझ्या डोळ्यांदेखत माझे बाबा विझत चालले होते.

मग माझ्या डोक्यात आलं. मी बोलावलं म्हणून ते आले. मी 'आलेच हं, बाबा' म्हणाले आणि खरंच खुर्चीपाशी परत गेले, म्हणून ते सोबत आले. तर आता नेऊन सोडायचं आणि तो दुसरा शब्द म्हणायचा. लहानपणी घरातून निघताना चुकून 'जाते' म्हटलं की आई पाठीत धपाटा घालायची. 'येते' म्हण! म्हणजे 'जाते' शब्दात काहीतरी असणारच ना?

सकाळी काकू आल्या. मी खुर्ची बाहेर काढत होते आणि तोंडाने घोकत होते, जाते, जाते, चुकून येते म्हणायचं नाही. तेवढ्यात पलंगावरून बाबांचा बारीक आवाज आला, "निघालीस का पोरी?"

आणि मी म्हणाले, "जाते, बाबा."

जीभ चावली हो मी! धावत आत गेले. "येते, बाबा, येते, येते..." बाबांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. वळले नाहीत.

तळ्यावर पोचले. फळ्यांवरून ते डावं चाक कुरकुरत होतं. कठड्यापाशी थांबले, दोन्ही मुठी आवळल्या आणि म्हटलं, "जाते मी." खुर्ची ओढली, तर हलकीफुल! मी जवळजवळ पडलेच. रडायलाच आलं आनंदाने. वळले आणि पळत सुटले.

वळणापाशी मागून आवाज आला. "अगं पोरी... मला इथे कुठे सोडून चाललीस?"

बाबांचा आवाज. शिवी घातली नाही, नुसतं विचारलं. मी थांबले, मावशी. पण वळले नाही. बाबा घरी आहेत, हे फसवतंय, असं म्हणत मी पळाले. बसचा शेवटचा बाक बघितल्याशिवाय दार न लावणारी मी, मागे न बघता पळाले.

घरी काकू दारातच उभ्या होत्या. "तू गेल्यापासून हाकेला ओ नव्हती बघ. आणि आत्ता तुझ्या गाडीचा आवाज आला, तर उठून बसले."

"आपले आपण?"

"हो की!"

बाबा पलंगावर ताठ बसले होते. गोड हसले. जेवले, अगदी ताट पुसून. म्हणाले, "बसव मला खुर्चीत." वर्षभर हे शरीर मी उचलतेय, माझी कंबर त्याचं वजन ओळखते. उचललं, तर उशी उचलावी तसे वर आले. खुर्चीत बसवलं, ढकलली. डावं चाक कुरकुरलं नाही.

तेव्हापासून छान आहेत. शिवी नाही, हट्ट नाही. मी विचारलं, "बाबा, तळ्यावर कधी जायचं मग?"

तर म्हणाले, "कशाला? पाहिलंय मी ते."

अधूनमधून काकूंना बसवून मी तिथे जाते, कठड्यापाशी उभी राहून हाका मारते. कुणी ओ देत नाही. नुसतं पाणी. माझे बाबा तिथे एकटे थंडीत बसलेत असं वाटून घास उतरत नाही मला. आणि घरी येऊन यांना भरवते. काय करू? तोंड तर त्यांचंच आहे ना.

तर तुम्ही एवढंच सांभाळा. खोलीतून बाहेर पडताना त्यांना काही म्हणायचं नाही. येते नाही, जाते नाही, काहीच नाही. उजवी बाजू पूर्ण गेलेली आहे, आपलं आपण उठता येत नाही, असं डॉक्टरांच्या कागदावर आहे. पण तुम्ही...

थांबा. ऐकलंत? खुर्चीचा ब्रेक निघाला.

"बाबा? काही हवंय का? मावशी आल्यात, तुम्हाला भेटायला."

"हो हो, बसव त्यांना. आलोच हं!"