थंडीत न चढलेला आकडा

कळमनुरीबाहेरच्या माळावर एका संशोधन संस्थेचं तळघर होतं. आभाळातून अहोरात्र पडणारे, डोळ्यांना न दिसणारे कण तिथलं यंत्र मोजायचं. हे कण छतातून, माणसातून आरपार जातात. उन्हाळ्यात हवा फुगते, कण फार उंचावर जन्मतात आणि बरेचसे वाटेतच विरतात. थंडीत आकडा पुन्हा चढतो. यंत्र सांभाळणाऱ्या भारतनं अकरा वर्षं हा चढउतार टिपला होता. यंदा डिसेंबर उजाडला तरी आकडा उतरतच होता.

त्यानं तारा तपासल्या, यंत्राच्या पाट्या बदलल्या. सगळं ठणठणीत. मग गणित मांडलं. छतावर पुरुषभर दगड रचले तरच एवढी घट व्हावी. वर जाऊन बघतो तर छत मोकळं, झाडल्यासारखं.

मे महिन्यात राखणदार मल्हारी गारव्यासाठी आत लवंडला होता. भारतनं न बघताच बाहेरून कुलूप घातलं आणि चार दिवस नांदेडला गेला. परतला तेव्हा मल्हारी आत मरून पडला होता. गावाला सांगितलं, दारू पिऊन पडला, आतून कडी त्यानंच लावली. मल्हारीनं जन्मात थेंब घेतला नव्हता. तेव्हापासून दर अवसेला त्याची बायको कौशल्याबाई यायची आणि घात झालेल्या जागी ठेवतात तसा छतावर एक दगड ठेवायची. ती गेली की भारत तो ओढ्यात फेकायचा. चोराच्या मनात चांदणं!

आजही ती भरदुपारी आली.

"सहा ठेवले म्या. कुठं हायत, साहेब?"

"फेकले."

"दगड फेकले. वजन कसं फेकसाल?" ती शांतपणे म्हणाली. "गावासमोर एकदा खरं बोला. मंग न्हाई येत."

"बोलायचं काय? दारुड्या होता तुमचा नवरा."

तिनं सातवा दगड ठेवला.

भारत तणतणत खाली उतरला. बाईचा भरवसा नव्हता, बाहेरून कुलूप घालायची. दाराचं उघडं कुलूप त्यानं खिशात टाकलं आणि दार लोटून घेतलं.

पडद्यावर आकडा घसरत होता. निम्मा. पाव.

शून्य.

छत करकरलं. त्याला श्वास पुरेना. तो दाराकडे धावला. दार हलेना.

"मीच लावलं! कुलूप मीच लावलं होतं!"

वर कुणीच नव्हतं. चार दिवस मल्हारीही असाच ओरडला असेल.

त्यानं खिशात हात घातला. कुलूप तिथंच होतं.

लावलेलं.