पेटीवरचा भंडारा

वळसंगचे पोलीस पाटील महादेवप्पा फोनवर नेहमी ओरडूनच बोलत. सोलापूरपर्यंत आवाज पोचवायचं काम तारेचं आहे, यावर त्यांचा विश्वासच नव्हता. त्या दिवशी सकाळी मात्र ते दबक्या आवाजात बोलले. माळावर आभाळातून काहीतरी पडलंय. भलंमोठं कापड, दोऱ्या आणि एक पेटी. पेटीवर सरकारी शिक्का आहे, तेव्हा साहेबांनी स्वतः यावं.

फौजदार मानसिंग नाईकवाडी टोपी घालून बाहेर पडणार, तोच ठाण्यात एक तरणा माणूस धापा टाकत आला. अंबादास गुंडेटी. साखर पेठेतल्या विणकराचा मुलगा, हैदराबादेला सरकारी संशोधन केंद्रात इंजिनिअर. तो म्हणाला, पेटी आमचीच. तिचा फुगा इकडे वाहत येणार असा अंदाज होता, म्हणून मला कालच सोलापूरला पाठवलं. आईकडे झोपलो होतो, आत्ताच उठलो, पेटी उतरल्याचा हैदराबादहून निरोप मिळाला आणि तसाच धावत आलो.

जीपमध्ये त्याने सगळं समजावून सांगितलं. पेटीत कॅमेरा होता. पुढेमागे तो उपग्रहात बसणार आणि वरून देशाच्या सरहद्दीवर नजर ठेवणार. आदल्या वर्षीच पहिला भारतीय उपग्रह आभाळात गेला होता, पोराटोरांनाही त्याचं नाव पाठ होतं. आता असा डोळा हवा होता, आणि तोही कुणाकडून उसना न आणलेला. फुग्याला बांधून वर पाठवणं ही त्याची पहिली परीक्षा.

"साहेब, त्यातला एक स्क्रूसुद्धा बाहेरचा नाही," गुंडेटी म्हणाला. हे सांगताना त्याचा चेहरा उजळायला हवा होता. तो उजळला नाही, हे नाईकवाडींनी पाहिलं आणि मनात ठेवून दिलं.

माळावर पांढरी हवाई छत्री पसरली होती. शेजारी पेटी होती, उघडी. झाकण बाजूला पडलेलं, त्यावर हळदीच्या भंडाऱ्याचा जाड थर आणि लोकरीचा एक झुपका. झाकणाच्या चारही कोपऱ्यांवर मात्र भंडारा पुसल्यासारखा दिसत होता. स्क्रू काढून एका जागी नीट ठेवलेले. आत पांढरं थर्माकोल, स्वच्छ. कॅमेरा जागेवर होता. फिल्मची डबी नव्हती.

गुंडेटी दोन्ही हात पाठीमागे बांधून लांब उभा राहिला. पंचनामा तुमचा, मी कशाला हात लावणार नाही, म्हणाला. शिकलेल्या माणसाची शिस्त नाईकवाडींना आवडली.

पेटी सापडली होती तात्याबाला. म्हातारा धनगर, शेजारच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला आलेला. त्याच्या खोपटात छत्रीच्या दोरीचा एक तुकडा निघाला. मग काय, पंचांच्या माना आपोआप हलल्या.

"पेटी कुणी उघडली?" नाईकवाडींनी विचारलं.

"मला काय ठावं? मी बगितली तवा बंद हुती की."

"आणि हा भंडारा?"

"त्यो मीच टाकला. आबाळातनं आल्याली वस्तू. बिरुबाचं नाव घितलं, भंडारा उदळला, लोकर वाहिली, आन पाटलाला सांगाया गावात गेलो. परत येतुय तर उगडी."

"दोरी?"

"ती घितली. न्हाई कशाला म्हणू? कोकरू बांधाया पायजे हुती."

"दोरी घेतलीस, तर डबी का नाही घेतलीस?"

"डबीला काय कोकरू बांदू?"

उत्तर उद्धट नव्हतं, खरं होतं. पण ते दिवस आणीबाणीचे होते. खऱ्या उत्तराने माणूस सुटेल अशी खात्री कुणालाच नव्हती. दुपारी पुण्याहून लष्कराचे एक मेजर येऊन बसले. त्यांच्या हिशेबी प्रकरण सरळ होतं. परक्यांच्या हस्तकाने म्हाताऱ्याला फितवलं, स्क्रू काढायला शिकवलं आणि डबी नेली. म्हाताऱ्याला संध्याकाळी पुण्याला न्यायचं, तिथे तो बोलेल.

ठाण्याच्या लिंबाखाली तात्याबाची बायको म्हाळसाबाई घोंगडं टाकून बसली होती. शिपायाने दिलेला चहा तिने तसाच ठेवला होता. नाईकवाडी जवळून जाताना तिने एवढंच विचारलं, "पुन्याला नेल्यालं मानूस माघारी येतंय व्हय?"

अंगावरच्या वर्दीची नाईकवाडींना त्या क्षणी लाज वाटली.

काही प्रश्न जागेवर बसत नव्हते. आभाळातून फुकट आलेलं एवढं कापड सोडून धनगर फिल्म कशाला नेईल? परक्यांचा हस्तक म्हणावं, तर पेटी कुठे पडणार हे त्याला कसं कळलं? पेटी उघडते कशी, हे गुंडेटीकडून नीट समजून घ्यावं म्हणून ते साखर पेठेत गेले.

गुंडेटी घरी नव्हता. हैदराबादला ट्रंक कॉल लावायला तार ऑफिसात गेला होता. त्याची आई कमलम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. तिने लगबगीने चहा टाकला आणि न विचारताच मुलाचं कौतुक सुरू केलं. एवढा मोठा साहेब झाला, पण पहाटेच उठून चुलतभावाच्या फटफटीवर सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेला.

"एवढं शहाणं पोरगं," ती म्हणाली, "आणि पान खायला लागलं बघा. मी खात नाही म्हणतंय. मग हे काय आहे?"

अंगणातल्या दोरीवर पांढरा शर्ट वाळत होता. उजव्या बाहीच्या टोकाला लाल डाग होते. येऊन शर्ट टाकला आणि दुसरा घालून पळाला, असं ती सांगत होती. तिने न बघताच तो साबणाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढला तर हे लाल डाग, कितीही घासले तरी जाईनात.

नाईकवाडींच्या हातातला चहा निवत गेला. तो त्यांनी तसाच पिऊन टाकला, कारण त्या बाईच्या तोंडाकडे बघत कप खाली ठेवणं त्यांना जड गेलं.

संध्याकाळी ठाण्यात मेजर, गुंडेटी आणि तात्याबा समोरासमोर होते. बाहेर लष्कराची गाडी उभी होती.

"मेजरसाहेब, निघण्याआधी एक गंमत बघा," नाईकवाडी म्हणाले. गंमत हा शब्द त्यांनी उगाच वापरला, आवाजात ती अजिबात नव्हती.

त्यांनी तात्याबाच्या पिशवीतला चिमूटभर भंडारा स्वतःच्या पांढऱ्या रुमालावर चोळला. रुमाल पिवळा झाला. मग ओला साबण फिरवला. पिवळा डाग बघता बघता लाल झाला, अगदी पानाच्या पिंकेसारखा.

"लग्नातले हळदीचे कपडे धुणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. आता सकाळचं बघू. पेटीच्या आत भंडाऱ्याचा कण नव्हता. पेटी पडून फुटली असती किंवा आधी उघडली असती, तर हळद आत सांडली असती. म्हणजे भंडारा पडला तेव्हा ती बंद होती. तात्याबा खरं बोलला."

"नंतर त्यानेच उघडली असेल," मेजर म्हणाले.

"देवाच्या नावाने वाहिलेला भंडारा तो स्वतः पुसणार नाही. आणि त्याला दोर कापायचा होता तर त्याने कापला, लपवला नाही. ज्याने झाकण उघडलं त्याला हळदीखालचे स्क्रू शोधायचे होते. त्याने कोपरे पुसले, घाईत, बाहीने. स्क्रू नीट एका जागी ठेवले. ती सवय यंत्राशी रोज खेळणाऱ्याची. आणि पेटी कुठे पडणार याचा अंदाज सोलापुरात एकाच माणसाला होता." ते गुंडेटीकडे वळले. "तुम्ही पंचनाम्यात हात पाठीमागे धरलेत. मग तुमच्या घरी वाळणाऱ्या शर्टाच्या बाहीला हळद कधी लागली?"

"सकाळी देवळात गेलो होतो," गुंडेटी पुटपुटला.

"मला आत्ताच उठलो म्हणालात. बरं, देवळात गेलात असं धरू. सिद्धेश्वराला विभूती मिळते, पांढरी. हळद कुठली?"

गुंडेटी खुर्चीवर बसला. मग एकदाचं बोलला. महिन्याभरापूर्वी त्याने चाचणी घेतली होती. थंडीत कॅमेऱ्याचं शटर अडकत होतं. वर तर हाडं गोठवणारी थंडी. त्याने ते कुणाला सांगितलं नाही. समितीतले निम्मे लोक कॅमेरा बाहेरून विकत घ्या म्हणून टपलेले. कोरी फिल्म निघाली असती, की काम कायमचं बंद.

"चोरीला गेलेली फिल्म नापास होत नाही," तो म्हणाला. "चोर सापडणार नाही असं धरलं होतं. कुणाला धरतील हा विचारच केला नाही."

"फिल्म धुवून पाहिलीत?" मेजरनी विचारलं.

"धीर झाला नाही."

"म्हणजे ती बिघडलीय हे तुम्हाला माहीतच नाही." मेजरना राग आला होता, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. "सरहद्दीवरची पोरं असल्या डोळ्यावर विसंबून उभी राहणार होती, गुंडेटी."

तात्याबाने यातलं किती ऐकलं कोण जाणे. त्याने भंडाऱ्याची पिशवी मागून घेतली आणि कमरेला बांधली. दारात थांबून त्याने विचारलं, त्या यंत्राने वरनं काय दिसणार होतं? नाईकवाडींनी सांगितलं, देशात चोरून कोण शिरतंय ते.

"आन आत हाय त्यो?" म्हातारा म्हणाला, आणि लिंबाखाली उठून उभ्या राहिलेल्या म्हाळसाबाईकडे चालू लागला.

गुंडेटीने सांगितलं, डबी त्याच्या घरी होती, विडीच्या पानांच्या टोपलीत तळाशी. डबी आणि शर्ट, दोन्ही जप्त करायचं होतं. शिपायाला पाठवता आलं असतं, पण नाईकवाडी स्वतः गेले.

कमलम्मा त्यांना बघून हसतच उठली. तिच्या हातात अर्धं लिंबू होतं आणि मांडीवर तोच शर्ट.

"साहेब, मी उगाच रागावले पोराला," ती म्हणाली. "पान नव्हतं हो. लिंबू चोळलं तर बघा, पिवळं झालं. हळद होती नुसती."

तिने बाही त्यांच्यासमोर धरली. नाईकवाडींनी टोपी काढली आणि शर्टासाठी हात पुढे केला.