शनीकडे जाताना भूक लागते

पाऊस आडवा आला नसता तर दिकदिक त्या जिन्यावर चढलाच नसता.

इंडोनेशियातल्या बांडुंग शहरात, त्या कॉफीच्या दुकानाच्या माडीवर महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी माणसं जमत आणि कोणी कोणी घरी केलेलं संगीत ऐकत. खाली चटया, मंद दिवे, कोपऱ्यात दोन मोठे स्पीकर. रिवाज असा, की रचना आधी ऐकवायची आणि ती कोणाची ते नंतर सांगायचं. मधल्या वेळात ज्याला जे वाटेल ते त्यानं बोलावं. रचना करणाऱ्यानं त्याच गर्दीत अनोळखी होऊन बसावं, मुकाट ऐकावं आणि शेवटी हात वर करावा.

रेंगानिस भिंतीला टेकून बसली होती. तिचे तळहात ओले होते आणि त्याचा पावसाशी काही संबंध नव्हता.

हेल्मेट छातीशी धरून एक उंचसा तरुण निथळत आत आला. जागा शोधत, लोकांच्या पायांवरून उड्या मारत तो नेमका तिच्याच शेजारी पोचला.

"तेह," तो म्हणाला; अनोळखी तरुणीला तिथे तसंच म्हणतात. "इथे बसलं तर चालेल? मी आपला पाऊस थांबेपर्यंत..."

"बसा. पण निथळायचं त्या बाजूला."

"प्रयत्न करतो," तो गंभीरपणे म्हणाला आणि खरोखरच दुसऱ्या बाजूला कलून बसला.

तेवढ्यात दिवे मालवले आणि 'शनीकडे जाताना' सुरू झालं.

कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी सांभाळून, आईच्या शिवणयंत्राच्या टेबलावर जुना लॅपटॉप ठेवून, रेंगानिसनं ते कित्येक महिने घडवलं होतं. लांबच लांब ताणलेला एक सूर, त्याच्या तळाशी दुसरा, आणि दोघांच्या मधे खूप मोठा अंधार. तो अंधार करायलाच तिला सगळ्यात जास्त वेळ लागला होता.

दिवे लागले. कार्यक्रमाचा यजमान, कांग योगा, म्हणजे योगादादा, मांडी ठोकून म्हणाला, "हं, बोला."

"मी माझ्या शरीराबाहेर तरंगत होते," चष्मा लावलेली एक मुलगी म्हणाली.

"एकटेपण," एका दाढीवाल्यानं डोळे न उघडताच निकाल दिला. "विश्वाचं एकटेपण."

"मला आमचा फ्रीज आठवला," मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. "अरे, चांगल्या अर्थानं म्हणतोय!"

"आणि तुम्ही, कांग? नवीन दिसताय," यजमानानं विचारलं.

शेजारचा तरुण दचकला. "मी? मी तर... खरं सांगू? मला भूक लागली."

माडी हसून हसून लोळली.

"म्हणजे तशी नाही हो!" तो कानापर्यंत लाल झाला. "मधल्या भागात लांबून एक आवाज येतो, बारीक. तो ऐकला आणि तोंडाला पाणीच सुटलं. ताटली घेऊन बाहेर पळावंसं वाटलं. का, ते विचारू नका."

सगळे हसत होते. फक्त रेंगानिसच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"आता ज्याची रचना त्यानं हात वर करावा," कांग योगा म्हणाला. तिनं ती खोट्या नावानं पाठवली होती. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. थोडा वेळ वाट पाहून यजमान म्हणाला, "लाजाळू दिसतोय गडी. असू दे."

खाली जिन्याच्या तोंडाशी पाऊस अजून कोसळतच होता. ती छत्री उघडत होती तोच मागून आवाज आला.

"तेह, मी काही भलतंच बोललो का? तुम्ही एकट्याच हसला नाहीत."

"अवकाशात भूक लागते म्हणे कुणाला?"

"का, अंतराळवीर जेवत नाहीत?"

तिला हसू फुटलं आणि तिनं चटकन तोंडावर हात धरला.

"झाकता कशाला? दात चांगले आहेत." तो हडबडला. "म्हणजे... मी दातांचा डॉक्टर आहे. दिकदिक. आमचा दवाखाना त्या बाजाराच्या मागे आहे. माझी सवयच वाईट, आधी दात दिसतात, मग माणूस."

"माणूस दिसला का मग?"

तो हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. "दिसला," तो म्हणाला, जरा हळूच.

त्या दिवशी छत्री असूनही ती भिजत घरी गेली.

तिचे वडील पुतू विकायचे. तांदळाच्या पिठात ताडगूळ भरून, बांबूच्या नळीत वाफवून, वर ओलं खोबरं भुरभुरलेले हिरवे पुतू. वाफेच्या डब्याला बसवलेली नळी सतत शिट्टी वाजवायची. दिवे लागायच्या वेळी तो आवाज गल्लीत शिरला, की घराघरांतून माणसं ताटल्या घेऊन बाहेर. पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळेच त्यांना अबाह म्हणत, म्हणजे बाबा. अबाह गेले त्याला आता वर्ष होऊन गेलं होतं. गाडी अंगणात प्लास्टिकच्या कापडाखाली होती. दुसरा कोणी पुतूवाला लांबून गेला, तरी रेंगानिस उठून खिडकी लावून घ्यायची.

आवाज मात्र एका ठिकाणी उरला होता. मैत्रिणीला कधीतरी फोनवर बोलून पाठवलेल्या एका निरोपात ती म्हणाली होती, "थांब, अबाह आले, मग बोलते." त्यातलं स्वतःचं बोलणं तिनं कापून टाकलं आणि मागे उरलेली शिट्टी ताणत ताणत नेली, इतकी, की तिला गल्ली उरली नाही, संध्याकाळ उरली नाही. सगळं शनीच्या पलीकडे नेऊन ठेवलं. तिथे कोणी ताटली घेऊन बाहेर येत नाही. तिथे ती ते ऐकू शकत होती.

आणि एका भिजलेल्या माणसानं ते पहिल्या फटक्यात हुंगून काढलं होतं.

दिकदिकनं कांग योगाकडून रचना मिळवली आणि थेट दवाखान्यात लावली. मग रेंगानिसच्या फोनवर रोज त्याच्या बातम्या यायला लागल्या. "आज एका पोरानं खुर्चीत विचारलं, डॉक्टर, आपण पोचलो का?" दुसऱ्या दिवशी, "एक आजोबा दाढ काढता काढता घोरायला लागले. आता घोरणाऱ्याचं तोंड उघडं असतं, म्हणून बरं." आणि मग, "तेह, आज एक बाई तोंडात कापूस घेऊन उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. विचारलं तर म्हणतात, बाहेर कोण आलंय? आता सांगा, वेडा मी एकटाच आहे का?"

इंटरनेटवर त्या रचनेखाली अनोळखी माणसंही लिहीत होती. कोणाला झोप लागली होती, कोणी शनीपर्यंत जाऊन परत येताना पेट्रोल संपलं म्हणत होतं. ती सगळं वाचायची. पण वाट पाहायची ती दवाखान्याच्या बातमीची. हळूहळू 'तुम्ही' गळून पडलं. रविवारी दोघं टेकडीवर जाऊन भाजलेली कणसं खाऊन आली. येताना तिनं त्याच्या जाकिटाच्या खिशात हात घातला आणि दोघंही थंडीबद्दलच बोलत राहिली.

"हा गडी आहे तरी कोण, शोधायला हवा," तो एकदा म्हणाला. "मला त्याची माफी मागायचीय. बिचाऱ्यानं एवढं अवकाश उभं केलं आणि मी खायला मागितलं."

"राहू दे ना. नसेल यायचं त्याला समोर."

"तू त्याची बाजू का घेतेस? आवडतो की काय?"

"मुळीच नाही," ती म्हणाली. एवढं एकच खरं बोलल्यासारखं तिला वाटलं.

मग तिची दाढ दुखायला लागली. खरंच. दिकदिकला ते खरं वाटेना. "मला भेटायला दाढ कशाला लागते?" म्हणत त्यानं तिला खुर्चीत बसवलं. दिवा ओढला. तोंडात कापूस, लाळ ओढणारी नळी, आरसा. कोपऱ्यातल्या स्पीकरवर 'शनीकडे जाताना' चालूच होतं.

"हं, आता बरं झालं. आता तुला मधे बोलता येणार नाही," तो कामाला लागत म्हणाला. "मी याच्यावर फार विचार केलाय. हा माणूस हुशार आहे, पण लबाड आहे. काहीतरी गरम, घरातलं, रोजचं हातात आहे त्याच्या... आणि तो ते लांब, गारठ्यात नेऊन पुरतोय. म्हणजे कोणी हात लावू नये. पण लपवलं तरी ते येतंच ना बाहेर? पोरांना कळतं, म्हाताऱ्यांना कळतं. त्याला कोणीतरी सांगायला हवं, की बाबा, नको इतका त्रास करून..."

तो थांबला. तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं.

"दुखतंय?"

तिनं मान हलवली. हो.

त्यानं घाईघाईनं नळी काढली, कापूस काढला, पेला पुढे केला. तिनं चूळ भरली. मग भांड्याकडेच बघत म्हणाली, "ते माझं आहे. आणि तो आवाज अबाहच्या गाडीचा आहे. पुतूच्या."

दिकदिकनं हातातला आरसा खाली ठेवला. मग अगदी जपून म्हणाला, "रेंगानिस... तो मला नुसता ऐकायचाय. आहे तसा."

"नाही."

"बरं."

"नाही म्हणजे नाही, दिकदिक. तुला काय, तुला भूक लागते. मला..." तिनं पर्स उचलली आणि अर्ध्या बुजवलेल्या दाढेनिशी चालू पडली.

तो मागे आला नाही. बातम्याही थांबल्या. त्यानं शेवटचं लिहिलं ते एवढंच, "दवाखान्यात ते लावणं बंद केलंय. विचारल्याशिवाय लावायला नको होतं. दाढ मात्र पुरी करून घे, माझ्याकडे नको तर दुसऱ्या कोणाकडे."

कित्येक दिवस घर फार शांत होतं. तिनं अवकाश लावून पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिला ते नुसतं रिकामं वाटलं. माणसांच्या बातम्यांशिवाय तिथे करमेना.

एका दुपारी तिनं गाडीवरचं कापड ओढून काढलं. दारात उभी राहून अंबू, तिची आई, पाहत होती. तिनं का, कशाला, काही विचारलं नाही. म्हणाली, "शिट्टी वाजवायची असेल तर डब्यात आधी पाणी भर. तुझ्या बापासारखा कोरडाच तापवू नकोस."

रेंगानिसनं दिकदिकला फोन केला. "संध्याकाळी ये. पण बोलू नकोस. फक्त ऐक."

तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि खरंच एक अक्षर बोलला नाही. शेगडी पेटली. डबा कुरकुरला. नळीतून आधी नुसती वाफ, मग एक खरखर... आणि मग अंगणातून, भिंतीवरून, गल्लीच्या पार टोकापर्यंत ती शिट्टी सरळ उभी राहिली. कुठेही न ताणलेली, भलतीच मोठ्यानं. रेंगानिसनं गाडीचा कठडा घट्ट धरला. रडू आलं, पण तिला वाटलं होतं तेवढं भयंकर नव्हतं. दिकदिक तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, खांद्याला खांदा लागेल इतका.

आणि मग फाटक वाजलं.

शेजारच्या बू एंतिन आत आल्या, हातात ताटली. त्यांच्यामागे शिंपी, हातात ताटली. मग दोन बहिणी, मग समोरच्या घरातलं अख्खं कुटुंब. पाहता पाहता अंगण भरलं.

"नेंग, पोरी, मला चार," बू एंतिन ओरडल्या. "गूळ जास्त घाल."

रेंगानिसला घाम फुटला. पीठ नव्हतं, गूळ नव्हता, नारळही नव्हता. ती गाडी पेटवताना शिट्टीचाच विचार करत होती. या गल्लीत शिट्टी म्हणजे पुतू, हे तीच विसरली होती!

"काहीच नाही हो," ती म्हणाली. "मी नुसतीच... अबाह नाहीत ना आता." हे वाक्य तिनं आजवर कोणासमोर उच्चारलं नव्हतं.

"माहीत आहे गं," बू एंतिन म्हणाल्या. "म्हणून काय शिट्टी वाजल्यावर घरात बसायचं?"

अंबूनं घरातून तांदळाच्या पिठाचा डबा आणला. शिंप्यानं नारळ आणला, कोणी गुळाची ढेप. बांबूच्या नळ्या धुतल्या गेल्या. दिकदिकनं बाह्या दुमडल्या आणि खोवणीवर बसला. पहिल्याच नारळाला त्यानं बोट खरचटून घेतलं.

"दातांचा डॉक्टर आणि लोकांना गोड खाऊ घालतोस?" रेंगानिस म्हणाली.

"गिऱ्हाईक तयार करतोय."

ती हसली, आणि तोंडावर हात धरायचं राहून गेलं, कारण दोन्ही हात पिठात होते.

"हा कोण?" बू एंतिननी तिच्या कानाशी येऊन विचारलं.

शिट्टी कानठळ्या बसवत होती. "दिकदिक!"

"काय?"

"दिकदिक! डॉक्टर!"

"ते दिसतंय गं. तुझा कोण, ते विचारतेय!"

रेंगानिसनं त्याच्याकडे पाहिलं. तो खोबऱ्यानं पांढरा झाला होता, खरचटलेलं बोट चोखत होता आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं. मोठा श्वास घेऊन ती ओरडली, "मला तो आवडतो!"

नेमक्या त्याच क्षणी अंबूनं पाणी घालायला डब्याचं झाकण उचललं आणि शिट्टी बंद पडली. त्या गच्च शांततेत ते वाक्य अंगणभर, भिंतीवरून पलीकडे, कदाचित कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलं. दिकदिकच्या हातून अर्धा नारळ निसटला आणि गडगडत शिंप्याच्या पायाशी गेला. "मला पण," तो खोवणीवरूनच म्हणाला. "म्हणजे तू. मला तू." त्याला वाक्य काही जमेना.

"ऐकलं आम्ही सगळ्यांनी," बू एंतिन ताटली पुढे करत म्हणाल्या. "आता झाकण लाव, अंबू. भूक लागलीय."