या नाकाचं त्या कानाला

बाबांनी उकडलेलं अंडं बशीसकट परत सरकवलं.

काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसलेला माणूस कधी कधी आवाज आला नाही तरी बटण दाबतो.

दूध करपलं की भांडं कितीही भिजवा, तळाशी एक काळा चंद्र उरतोच.

नाक अगदी चेहऱ्याच्या मधोमध असतं. तरी ज्याचं त्याला दिसत नाही.

साखर!

यातला शेवटचा शब्द मी दुकानात, भर गर्दीत, ओरडले होते. हातात इटालियन सीझनिंगचं पाकीट होतं. मागची मुंगीएवढी अक्षरं मोबाइलमध्ये मोठी करून मी वाचत होते, आणि वाचता वाचता माझे डोळेच मोठे होत चालले होते.

"साखर! मक्याचं पीठ! आणि हे... माल्टो... माल्टो काय?"

"डेक्स्ट्रिन," शेजारून कुणीतरी म्हणालं. "साखरेची चुलत बहीण."

वळून पाहिलं. उंच, जरा वाकून उभा राहणारा, बास्केटमध्ये फक्त लिंबं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"ओरेगॅनोच्या आधी साखर लिहिलीय! म्हणजे ओरेगॅनोपेक्षा साखर जास्त! ज्यानं कुणी हे बनवलंय ना, तो समोर आला तर नाक कापीन त्याचं."

"कापा," तो म्हणाला.

"काय?"

त्यानं गळ्यातलं ओळखपत्र उलटं होतं ते सुलटं केलं. तीच कंपनी, तेच चिन्ह. खाली लिहिलेलं — चव विभाग.

"मीच बनवलंय. कापा खुशाल..." आणि मग अगदी हळू, स्वतःशीच, "तसाही फारसा फरक पडणार नाही."

मी कानाच्या दवाखान्यात काम करते. कुणाला किती ऐकू येतं ते तपासायचं, हा माझा धंदा. ते शेवटचं वाक्य मला नीट ऐकू आलं होतं. कळलं मात्र नाही.

*

बाबांची गोष्ट सांगते, कारण सगळं त्यांच्यामुळे झालं.

बाबा बेकरीवाले. जन्म भट्टीसमोर गेला. डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट पाहिला, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "लो-कार्ब. आजपासून."

"म्हणजे काय गं?" बाबांनी मला विचारलं.

"पाव बंद."

"मग मी चालू राहून काय करू?"

पाव गेला, बिस्किट गेलं, बटाटा गेला. अंडी, मासे, भाज्या उरल्या. त्यावर बाबा हे सीझनिंग भुरभुरवायचे. भुरभुरवायचे कसलं, ओतायचे! तेवढाच आनंद. तोही मी त्या दिवशी दुकानातून येऊन कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग बाबांनी अंडं परत सरकवलं, दुसऱ्या दिवशी मासा सरकवला, आणि धुवायला घेतलेल्या त्यांच्या शर्टाच्या खिशात मला पावाचा कडक तुकडा सापडला.

खिशात! चोरून! माझे बाबा!

मी बाथरूमच्या उंबऱ्यावर बसूनच राहिले. बाबांच्या जिभेला आवडेल असा मसाला घरात झाला नाही, तर बाबा पुन्हा पावावर जाणार, हे त्या तुकड्याइतकं कडक आणि स्पष्ट होतं.

तेव्हा मी त्या लिंबूवाल्याला फोन लावला. दुकानात, बाबांचं ऐकून तो पांढराफटक पडला होता. "रोज खातात? चमच्यानं?" असं विचारून त्यानं नंबर दिला होता. "मी घरी येऊन करून देतो. साखरेशिवाय. चव हीच."

*

पहिला रविवार.

"हे कोण?" बाबा.

"ज्यांनी साखर घातली ते."

"अस्सं! या या, नाकवाले. ओरेगॅनोत साखर घालणारं नाक बघायचंच होतं मला एकदा."

नाकवाले! तो लाल झाला. मी बाबांकडे डोळे वटारले. बाबांनी पेपर वर केला.

स्वयंपाकघरात त्यानं पिशवी रिकामी केली. ओरेगॅनो, बेसिल, थाइम, रोझमेरी आणि मरवा... हिरव्या जुड्याच जुड्या. "लसूण पावडर नको, कांदा पावडर नको. त्यांच्यातही कार्ब असतात. नुसती पानं. सावलीत वाळवायची, उन्हात नाही. हातात घेतल्यावर कुरकुर वाजली की झाली." मग माझ्याकडे बघून, "वाजणं तुम्हाला कळेलच, कानवाल्या बाई."

"बाई कुणाला म्हणता?"

"मग काय म्हणू?"

मी खिडकीशी उभी राहून रोझमेरीच्या काड्या उलट्या ओढत पानं काढू लागले. चहाचं दूध गॅसवर होतं. "जरा लक्ष ठेवाल?" मी न वळता म्हटलं. मध्येच बाबा पाणी प्यायला आत येऊन गेले. बाहेर समोरच्या गच्चीवर कुणाची तरी चादर वाऱ्यानं फुगत होती...

आणि धूर!

वळले तर दूध करपून काळं, खोली धुरानं भरलेली, आणि हा पातेल्याला पाठ करून ओट्याला टेकलेला. माझ्याकडे बघत.

"अहो! दूध!"

"अं?... अरे!"

काय माणूस आहे! माझ्याकडे बघण्यात याला जळकं दूधसुद्धा कळलं नाही! त्या रात्री मी भांडं घासलं ते गुणगुणत.

*

मग रविवार येत राहिले.

"तुम्ही"चं "तू" कधी झालं ते सांगता येणार नाही. बहुधा तो मरव्याच्या पानांवर शिंकला आणि मी "अरे, तू बाजूला हो बघू" म्हटलं तेव्हा. तो बाजूला झाला नाही. "पुन्हा म्हण," म्हणाला.

"काय?"

"तू."

माझी चिमूट मोठी, त्याची छोटी, यावरून भांडणं झाली. पण मला आवडायचं ते वेगळंच. बरणी उघडली की तो आधी माझ्यापुढे धरायचा, मग स्वतः हुंगायचा, आणि हुंगताना माझ्या डोळ्यांत बघत राहायचा. पुष्कळ वेळ. मग म्हणायचा, "छान."

असं कुणी कधी माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

बाबांना मात्र एकही मिश्रण पटेना. "कडू." "गवत." "हे काय, गुरांना घालायचंय?" अंडं परत. एकदा बाबा फिरून आले, तर मिशीला पावाचा चुरा! मी पाहिला. त्यांनीही पाहिलं की मी पाहिला.

*

थाइमची बरणी.

आम्ही पानं जराशी ओली असतानाच बंद केली होती. मी झाकण काढलं आणि दचकले. कुबट, ओल्या पोतेऱ्याचा वास! नाक मुरडणार, तेवढ्यात फोन वाजला. मी वळले. पाठीमागे त्यानं बरणी उचलली, लांब श्वास घेतला.

"वा. छान."

मी फोन कट केला.

माझ्या दवाखान्यात रोज अशी माणसं येतात. ऐकू येत नसतं, पण कबूल करायचं नसतं. मग ती आवाजाकडे लक्ष देत नाहीत, काचेतून माझ्या चेहऱ्याकडे बघतात. माझी भुवई हलली की बटण दाबतात. त्यांना पकडायची सोपी युक्ती आहे. आवाज सोडायचाच नाही. नुसती भुवई हलवायची.

मी मूठ वळली. त्याच्या नाकाखाली धरली. छान हसले.

"ओळख."

तो वाकला. त्याचा श्वास माझ्या बोटांना लागला. माझ्या डोळ्यांत बघितलं... पुष्कळ वेळ... आणि तोही हसला.

"रोझमेरी!"

मी मूठ उघडली.

रिकामी.

*

"तुला वास येत नाही."

त्यानं बरणी खाली ठेवली.

"अजिबात?"

"अजिबात. एक मोठा ताप आला होता. ताप गेला, जाताना नाक घेऊन गेला."

"आणि तू चव विभागात!"

"जीभ आहे ना. गोड कळतं, खारट, आंबट, कडू कळतं. बाकी सगळं कोरं. मिश्रण चाखायचो, काही लागायचंच नाही. म्हणून थोडी साखर घातली. मग आणखी थोडी..."

"कुणाला कळलं नाही?"

"खप वाढला!" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "लोकांना आवडलं! मला शाबासकी मिळाली! कुणाला सांगणार होतो मी?"

मी खाली बसले. साखरेचा धक्का काहीच नव्हता. नाकाचा धक्काही पचला असता. पण त्याच्यामागून तिसरा आला, आणि तो थेट बरगड्यांत बसला.

"म्हणजे... तू माझ्याकडे बघायचास..."

त्यानं बरणीचं झाकण लावलं.

"उत्तर शोधायला बघायचास. माझ्या तोंडावरून नक्कल करत होतास. आणि मी वेडी—"

"हो."

हो म्हणाला! नाही म्हणायचं सोडून हो म्हणाला!

"आधी उत्तरासाठीच बघायचो. खोटं नाही बोलणार आता. पुढे उत्तर मिळालं तरी नजर काढवेना." तो माझ्यासमोर जमिनीवर बसला. "पण पहिल्या रविवारचं आठव. दूध करपलं तेव्हा. तू खिडकीशी उभी होतीस."

"मग?"

"पाठमोरी होतीस. पाठीवर काय उत्तर लिहिलेलं असतं?"

समोरच्या गच्चीवर चादर फुगली, पडली, पुन्हा फुगली. शेवटी मी ओरेगॅनोची बरणी त्याच्यासमोर आपटली.

"चाख. कडू कुठे लागतं सांग. वासाचं मी सांगते."

"सांग."

"ओरेगॅनो म्हणजे... उन्हात तापलेली लाकडी फळी. बेसिल गोडसर, जरा लवंगेसारखं. रोझमेरी म्हणजे नुकतं टोक केलेली पेन्सिल."

"रोझमेरी कमी कर," तो जिभेवर दाणा फिरवत म्हणाला. "पेन्सिल कडू लागतेय."

ओरेगॅनो आणि बेसिल सारखेच. थाइम आणि मरवा त्यांच्या निम्मे. रोझमेरी अगदी जराशी, तीही कुटून. मीठ. वाळलेल्या लिंबाच्या सालीचा कीस ही त्याची कल्पना. "आंबट लागलं की जीभ गोड मागत नाही," तो म्हणाला.

अंडं चिरलं. वर भुरभुरवलं. बाबांपुढे ठेवलं. आम्ही दोघं दारात उभे, शाळेतल्यासारखे.

बाबांनी आधी हुंगलं. मग एक फोड खाल्ली. मग दुसरी. मग खिशात हात घातला, पावाचा तुकडा काढला आणि बशीच्या कडेला ठेवला.

"हा चिमण्यांना घाल," म्हणाले. "अंडं आणखी आहे का?"

मी रडले. तो माझ्याकडे बघत राहिला. या वेळी कसलंच उत्तर नको असल्यासारखा.

"एक विचारू?" तो पुटपुटला. "तुझ्या केसांना वास कसला येतो?"

"आत्ता? थाइमचा. कुबट."

"नीट सांग ना..."

"रोज थोडं थोडं सांगीन. घाई आहे का?"

"नाही," तो म्हणाला. "मला तू आवडतेस. ते वास न घेताही कळलंय."

त्यानं कंपनीत खरं सांगितलं. त्यांना माझ्याहून मोठा धक्का बसला. त्याला पाकिटांच्या विभागात पाठवलंय. मागची अक्षरं मोठी करायचं काम तो सध्या नाकावर टिच्चून करतोय. बाबा त्याला अजून नाकवाले म्हणतात.

परवा बाबांनी कबूल केलं: पहिल्या रविवारी पाणी प्यायला आत आले तेव्हा दुधाखालचा गॅस त्यांनीच मोठा केला होता, हे नाक चालतं का ते बघायला.