निवडी माशी

उंबरघळच्या पठारावर लग्न जुळवताना आता पत्रिका बघत नाहीत. मुलाला आणि मुलीला मधमाश्यांच्या पेट्यांसमोर अर्धा तास पाटावर बसवतात. माशी फिरकली नाही तर चहा येतो. अंगावर बसली तर पाहुण्यांना एकदम गाडीची वेळ आठवते. याला 'माशी दाखवणं' म्हणतात. ही पठाराची फार जुनी परंपरा आहे, म्हणजे नऊ वर्षांची.

त्याआधी पठारावर सातेरी माश्या होत्या, मूळच्या. फवारण्यांनी आणि वणव्यांनी त्या संपल्या. झाडांना फुलं येत, पण फळ धरत नसे. तेव्हा डॉ. हेमांगी रेगे या कीटकशास्त्रज्ञ बाईंनी परदेशातून एक जात आणली. तिचा गुण असा, की पोळ्यातल्या मेणाच्या झाकणाआडची अळी आजारी असेल तर ते कामकरी माशीला वासावरून कळतं. ती पायांनी झाकण खरवडते, अळी ओढून काढते आणि पोळ्याबाहेर टाकते. तांदळातला खडा काढावा तसं. रेगेबाईंनी हा गुण पिढ्यान्‌पिढ्या वाढवून घेतला होता. सरकारी कागदांत तिचं नाव 'आरोग्यमक्षिका' होतं. लोकांनी 'निवडी' ठेवलं.

निवडीमुळे जांभळं धरली, हिरडा धरला, भाजीपाला दुप्पट झाला. ती पेट्यांतून कड्याकपारींत गेली आणि पठार तिचं झालं. फक्त एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. ज्या गोचिडीमुळे मायदेशात अळ्या आजारी पडत, ती गोचीड इथे नव्हतीच. नाक तयार, पण नाकाला काम नाही.

मग ती माणसांवर बसू लागली. चावायची नाही. पाच-सहाजणी यायच्या आणि कातडी पायांनी खरवडत राहायच्या. ज्या पहिल्या तिघांवर बसली, ते तिघेही वर्षभरात आजारपणानं गेले. गावानं निष्कर्ष काढला, आणि निष्कर्ष काढल्यावर गाव थांबत नसतं. माशी लागलेल्या माणसाला ओढ्यापलीकडच्या जुन्या विश्रामगृहात ठेवायची पद्धत पडली. त्या जागेला 'पल्याड' म्हणतात. रोज डबा जातो, सणाला पुरणपोळीही जाते. परत कोणी येत नाही.

यातलं काहीच रेगेबाईंना माहीत नव्हतं. त्यांच्याकडे दरवर्षी फक्त फळांचे आकडे यायचे. गावच्या पेट्या सांभाळणाऱ्या गेनबा ढेब्यांनी त्यांना बोलावून घेतलं, कारण गेनबांची सून केतकी सात महिन्यांची गरोदर होती आणि तीन दिवस माश्या तिचं पोट खरवडत होत्या. गावापासून त्यांनी ते अजून लपवलं होतं.

"माशी तुम्ही आणली," गेनबा म्हणाले. "आता तिला काय दिसतंय तेही तुम्हीच सांगा."

रेगेबाईंनी तीन आठवडे गेनबांकडचीच मध-भाकरी खात गावातल्या आणि पल्याडच्या सगळ्यांचा घाम कापसानं टिपला, तपासला आणि एका सकाळी गेनबांच्या ओसरीवर येऊन बसल्या.

"गेनबा, माशीला आजार कळत नाही. माणसाचा तर नाहीच."

"मग काय कळतंय?"

"आपलं कोण आणि परकं कोण. इथलं प्रत्येक घर रोज तिचा मध खातं. त्याचा वास श्वासातून, घामातून येतो. ज्याला येत नाही तो तिच्या लेखी पोळ्यातला खडा. केतकी, तू मध कधीपासून सोडलास?"

"तिसऱ्या महिन्यापासून कमी केला, सातव्यात पार सोडला," केतकी आतून म्हणाली. "वासानंच उलटी होते."

"झालं तर. आणि पोट उबदार असतं, म्हणून तिथे बसतात."

गेनबा म्हणाले, "पण पहिले तिघं तर गेले ना?"

"तिघांनाही साखरेचा आजार होता. डॉक्टरनं त्यांचा मध बंद केला होता. आधी आजार, मग मध बंद, मग माशी. तुम्ही उलटं वाचलंत."

"आमच्या हौसालाही साखर होती," गेनबा सावकाश म्हणाले. हौसाबाई म्हणजे त्यांची बायको. चार वर्षांपासून ती पल्याड होती. "मीच पोचवली तिला. गादी डोक्यावर घेऊन."

"त्यांना आजच आणू. गावाला बोलावून सगळं सांगते."

"नका सांगू."

"का?"

"अकरा माणसं आहेत पल्याड, बाई. अकराही घरांनी आपापलं माणूस स्वतःच्या हातानं पोचवलंय. शहाणपणानं पोचवलं, असं म्हणून जेवतात दोन घास. ते तुम्ही काढून घेणार आणि त्या जागी काय देणार, अहवाल?"

"मग पेट्या तरी हलवा."

"कड्यांतली पोळी कोण हलवणार? आणि हलवलीच, तर फळ कसं धरणार? सातेरी परत आणाल?"

रेगेबाईंकडे सातेरी नव्हती.

केतकीनं नाक दाबून मध खायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी माश्या गेल्या. घरात शिरा झाला. शिरा खाता खाता रेगेबाईंना पुढचं सुचलं, आणि चमचा हातातच राहिला.

"बाळ जन्मलं की त्यालाही वास नसेल."

"त्याची काळजी नको," गेनबा म्हणाले. "आमच्यात पहिल्या दिवशीच सोन्याच्या अंगठीनं मध चाटवतात."

"वर्षाच्या आत मध द्यायचा नसतो, गेनबा. मधात मातीतले जंतू असू शकतात. मोठ्यांना काही होत नाही. तान्ह्याच्या पोटात ते विष तयार करतात, बाळ लुळं पडतं. नऊ वर्षांत किती बाळं झाली इथे?"

"चाळीसेक."

"सगळी नीट?"

"दोन गेली. महिन्याच्या आतच. दूध ओढेनात, मग मानच टाकली." त्यांनी ताटलीतला शिरा उगाच सारखा केला. "काहीजण दवाखान्यात न्यायचं म्हणत होते. पण माशी शिवली नव्हती ना त्यांना. आम्ही म्हटलं, पोर चांगलं आहे, सुस्त आहे जरा."

रेगेबाईंनी चमचा खाली ठेवला.

रेगेबाई म्हणाल्या, "केतकी, माझ्याबरोबर पुण्याला चल. एक वर्ष. मग परत ये."

केतकीचं किनाऱ्यावरचं माहेर समुद्रानं घेतलं होतं. जायला जागा मिळत होती याचं तिला बरं वाटलेलं दिसलं. पण ती म्हणाली, "पोर वर्षभर दडवलं म्हणजे त्याला माशी लागली, असंच म्हणतील. माझ्या दोन नणंदांचं माशी दाखवणं अजून व्हायचं आहे, बाई."

"आणि इथे राहून मध नाही दिला तर?"

"तर पल्याड," गेनबा म्हणाले. "या खेपेला गादी लहान, एवढंच. बाई, चाळिसांतली दोन गेली, म्हणजे अडतीस राहिली. पल्याडहून परत किती आले?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं.

बाळ महिन्याभरानं, सकाळी नऊच्या सुमारास झालं. मुलगी. अर्ध्या तासात खिडकीच्या जाळीवर माश्या जमल्या. फट सापडलेल्या चौघी आत येऊन बाळाच्या कपाळावर खरवडू लागल्या. दारात शेजारणी उभ्या होत्या आणि नजर खाली घालून बघत होत्या. गेनबांनी मधाची वाटी आणि अंगठी पुढे केली. केतकीनं दोन्ही आपल्याकडे घेतलं.

"अडतीस ना, बाई?"

आयुष्यभर आकड्यांवर विश्वास ठेवलेल्या डॉ. हेमांगी रेगे म्हणाल्या, "अडतीस."

बाळानं अंगठी छान चोखली. कपाळावरच्या चौघी आधी उठल्या, मग जाळीवरच्या एकेक करून गेल्या. शेजारणी मोकळ्या हसल्या, कोणी तरी चहा टाकला. दवाखान्यात न्यायचं का, असं कोणी विचारलं नाही. निकाल लागला होता. रेगेबाई तेवढ्या बाळाच्या मानेखाली हात घालून बसल्या. तो हात त्यांनी महिनाभर काढला नाही, असं गावात सांगतात. चाळिसांची आता एकेचाळीस झाली होती, आणि ही एकेचाळिसावी कोणत्या बाजूला मोजायची हे अजून ठरायचं होतं.