साहेबाचा डावा पाय

साहेब म्हणजे कुत्रा. चौदा वर्षांचा, तांबूस, एक कान कायमचा पडलेला. घरातली एकुलती आरामखुर्ची त्याने बळकावली, म्हणून आत्याने हे नाव ठेवलं. बाबा आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आले आणि म्हातारपणीही खिडकीशी स्टुलावरच बसत, कारण खुर्ची कधी रिकामी नसे. "आपण काय, चाकर माणसं," आत्या म्हणायची.

बाबांची मुलगी जनावरांची डॉक्टर. घरापासून दोन गल्ल्या सोडून तिचा दवाखाना. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता, तपासणीच्या कागदावर होता. म्हणूनच साहेबाच्या मागच्या डाव्या पायाचा एक्स-रे तिने तीनदा काढला. हाड वाळवी लागलेल्या चौकटीसारखं पोखरलं होतं. गाठ उपचारांच्या पलीकडे गेलेली. असा पाय जमिनीला टेकला तर जनावर किंचाळतं. साहेब मात्र दवाखान्याच्या पायऱ्या शेपूट हलवत चढला होता.

लंगडत होते ते बाबा. दोन महिने झाले, डाव्याच पायाने. माणसांच्या इस्पितळात सगळ्या तपासण्या झाल्या. पाय ठणठणीत निघाला. तरी बाबा दिवसेंदिवस खंगत चालले होते.

"कुत्र्याचं दुखणं मनाला लावून घेतलंय त्यांनी," ती आत्याला म्हणाली. "साहेबाला कायमचं झोपवायला हवं. दोघंही सुटतील."

"दादाला विचारलंस?"

विचारलं होतं. बाबांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं नव्हतं. "त्याला काही दुखत नाही गं," एवढंच म्हणाले होते. "आम्ही आमचं बघून घेतलंय."

मंगळवारी सकाळी, नखं कापायची म्हणून, ती साहेबाला घेऊन निघाली. बाबांशी ती याआधी कधी खोटं बोलली नव्हती. जिना उतरताना तिची तिलाच लाज वाटली.

या कामाची एक रीत असते. आधी गुंगीचं इंजेक्शन. मग मागच्या पंजाच्या दोन बोटांमधली कातडी चिमट्यात धरून दाबायची. पाय आखडला नाही, म्हणजे गुंगी पुरेशी चढली. त्यानंतरच शेवटची सुई.

दहा मिनिटं झाली. साहेब टेबलावर आडवा पडून तिच्याकडे टक्क बघत होता. तिने चिमटा दाबला. पाय हलला नाही. पुन्हा दाबला, जरा जोरात. काहीच नाही. डोळे उघडे ठेवूनही गुंगी येते, म्हातारी जनावरं अशीच फसवतात, असं तिने स्वतःला समजावलं आणि शेवटची सुई भरली.

फोन वाजला. आत्या होती.

"अगं, दादा बसल्याबसल्या स्टुलावरून घसरला. श्वास चाललाय, पण हाका मारून माझा घसा बसला तरी उठत नाही. आत्ता दोनदा पाय तेवढा आखडून घेतला."

"कुठला?"

"डावा. तू आधी घरी ये!"

"आत्या, फोन ठेवू नकोस. त्यांच्याकडे बघत राहा."

तिने चिमटा उचलला.

दाबला.

"बघ, परत!" आत्या ओरडली.

साहेबाने पापणीही हलवली नाही.

भरलेली सुई तिने बेसिनमध्ये रिकामी केली.

दुपारी बाबांना जाग आली. खोलीत ती, आणि खुर्चीवर साहेब.

"नखं नीट कापलीस ना?" त्यांनी विचारलं.

ती रडली. लहानपणी रडायची तशी, नाक पुसत. "असं किती दिवस चालणार, बाबा? तुम्ही मरून जाल."

"तुझी आई गेली तेव्हा वर्षभर हा माझ्या पायाशी बसून होता. त्याने कधी विचारलं, किती दिवस चालणार म्हणून?"

"पण हे केलंत कसं?"

"केलं काही नाही. एकदा त्याचं तोंड ओंजळीत धरलं, नि म्हटलं, मला दे."

बाबांचा पुन्हा डोळा लागला. झोपेतही कपाळावर आठ्या होत्या. ती खुर्चीपाशी गेली. कोणी बघत नाही ना, म्हणून तिने दाराकडे पाहिलं. मग गुडघे टेकून तिने साहेबाचं तोंड ओंजळीत घेतलं.

"जनावरांची दुखणी बघायचं काम माझं आहे, त्यांचं नाही," ती कुजबुजली. "मला दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा तरातरा खाली जाऊन दूध घेऊन आले. आत्याला काय करू नि काय नको असं झालं. मुलगी कठडा धरून एकेक पायरी उतरली. डाव्या पायात तापलेली सळई घातल्यासारखं होत होतं. तरी ती मनापासून खूश होती. बाबा वाचले होते, आणि एवढं आपण सोसू, असं तिला वाटत होतं.

दवाखान्यात नेहमीसारखी गर्दी होती. गाडीखाली सापडलेलं मांजर टोपलीत विव्हळत होतं. पोट फुगलेली शेळी कण्हत होती. एक मोठा कुत्रा सडलेला कान भिंतीला घासत रडत होता. ती दार ढकलून आत आली.

मांजर गप्प झालं आणि पंजा चाटू लागलं.

मग शेळी.

मग कुत्रा.

"डॉक्टरांना नुसतं बघूनच बरं वाटलं हो याला!" मांजरवाली बाई हसली.

तिला उत्तर द्यायचं होतं, पण बरगड्यांतून श्वास वर येईना. तिने भिंतीला हात टेकला.

मागच्या बाकांवरची माणसं आपापली जनावरं उचलून पुढे सरकली.